सतरा नंबरचं टिपाड

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वेरूळ पाहिलंत का, बीबी का मकबरा पाहिलात का. दोन्ही पाहिले नाहीत. अकरा दिवस छत्रपती संभाजीनगरात राहिलो. तेव्हा बसच्या पाटीवर अजून औरंगाबाद लिहिलेलं होतं. त्यातले नऊ दिवस मी अडतीस टिपाडांच्या एका रांगेपायी घालवले. तिथे न गेलेल्या माणसाला हे सांगायला बसलं की प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात होते, म्हणून एकदा लिहून काढतो. निष्कर्ष मात्र मागू नये. तो माझ्याकडे नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं कारकुनी करतो, सध्या हेडक्लार्क आहे. अंगणात पर्जन्यमापक ठेवला आहे आणि रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजून वहीत लिहितो. आमच्या तालुक्यातही मे महिन्यात काही वाड्यांना टँकर लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आमच्या वाडीला मात्र कधी लागलेला नाही. विहिरीचं पाणी मे अखेरीस सहा पायऱ्या खाली जातं, त्यालाच आम्ही टंचाई म्हणतो.

हर्सूल

धाकटा भाऊ सुधीर पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका कारखान्यात आहे. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलच्याही पुढे, नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेलो. एप्रिलचा शेवट होता आणि तिथला हा लागोपाठ दुसरा दुष्काळ. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की बस दोनदा बदलली आणि आंब्याची एक पेटी तळाला दबली.

पहिल्या सकाळी मी अंघोळीला दोन बादल्या घेतल्या. घरी तीन घेतो, म्हणजे मी आपल्या परीने काटकसरच केली होती. बाहेर आलो तर सुधीरची बायको, जिला सगळ्यांसारखं मीही वहिनीच म्हणतो, स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी. सुधीरने हसत सांगितलं, "दादा, आज पाण्याचा वार नाही. परवा आहे. तू आत्ता माझी अंघोळ, हिची अंघोळ आणि उद्याची भांडी अंगावर ओतून आलास."

मी ओशाळलो. वहिनी म्हणाली, "असू द्या हो, कोकणातले आहात." हे वाक्य पुढे पुष्कळ वेळा ऐकलं.

शहर वाढतं आहे ते डोळ्यांना दिसतं. गॅलरीत उभं राहून मी अर्धवट बांधलेल्या इमारती मोजल्या, चौदा भरल्या. एकीच्या जाहिरातीच्या फलकावर कारंजं होतं आणि त्याच फलकाच्या सावलीत टँकर उभे करत. संध्याकाळी सुधीरने हर्सूलचा तलाव दाखवायला नेलं. तळाच्या मातीला भेगा. एका भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. मधोमध मुलं क्रिकेट खेळत होती आणि तलावाचा बांध ही त्यांची सीमारेषा होती. पलीकडे तुरुंगाची भिंत, आणि तिच्या आत झाडं.

वहिनीकडे कामाला येणाऱ्या रेखाबाईंना हे सांगितलं, तर त्या भांडी राखेने कोरडी घासता घासता म्हणाल्या, "मोठे दादा, आत नळ हाय म्हनतात. कोनाला तरी दोन थोबाडीत ठेवून द्याव्या म्हनते आन् जावं सहा महिने."

जेवणाची मात्र चैन होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. आमटी इतकी तिखट, की पाणी मागावंसं वाटे आणि मागवत नसे. आमच्याकडे दारात आलेल्याच्या हातात आधी तांब्या देतात. इथे "पाणी घेता का?" असं विचारतात, आणि हो म्हटलं तर अर्धा पेला येतो. हा कोतेपणा नाही हे कळायला मला दोन दिवस लागले. अर्धा पेला देतात, कारण पाहुण्याने उरवलेलं ओतून द्यावं लागतं.

रांग

तिसऱ्या दिवशी वास्तुशांतीची उरलेली पुरी-भाजी घेऊन रेखाबाईंच्या वस्तीवर गेलो. इमारतीच्या मागे, नाल्याच्या काठाने पत्र्याची घरं आहेत. बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची, कन्नड तालुक्यातून वीस-बावीस वर्षांपूर्वी आलेली. दारावर निळ्या रंगात जय भीम. वस्तीला कागदोपत्री नाव नाही, त्यामुळे नळ नाही. एक दिवसाआड टँकर येतो.

त्याची तयारी पाहण्यासारखी असते. आमच्याकडे ज्याला पिंप म्हणतात, त्याला इथे टिपाड म्हणतात. कारखान्यांतून येणारं निळं प्लास्टिकचं, दोनशे लिटरचं. रस्त्याच्या कडेला सगळी टिपाडं एका रांगेत उभी असतात. ती कायम तिथेच असतात आणि माणसं त्यांतून पाणी घरी नेतात. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव. एका घराला एक टिपाड, घरात माणसं तीन असोत की नऊ.

मी सवयीने मोजली. अडतीस टिपाडं. मग घरं मोजली. सदतीस दारं. पुन्हा मोजली, तरी सदतीसच. सतराव्या टिपाडावर 'सुगंधाबाई' असं नाव होतं, तेवढ्याला दार सापडेना.

"रेखाबाई, हे सतरा नंबरचं कोणाचं?"

"सासूचं."

"त्या कुठे असतात?"

"वारल्या की दिवाळीत, खोपट बी मोडलं त्यांचं," असं म्हणाल्या आणि तेवढ्यात टँकर आला. मग कोण कोणाशी बोलतो! ड्रायव्हर सलीमभाई पाइप खांद्यावर घेऊन रांगेवरून चालत जाई, आणि प्रत्येक बाई आपल्या टिपाडाला हात लावून उभी राही. सतराव्यापाशी रेखाबाईच उभ्या होत्या. स्वतःच्या सोळाव्यावर एक हात आणि सतराव्यावर दुसरा.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मला वाटलं, ही बाई मेलेल्या सासूच्या नावावर दुप्पट पाणी घेते. मी तिला विचारलं मात्र नाही.

टँकर गेल्यावर रेखाबाईंनी एक फाटकी, घड्यांवर तुटलेली यादी आणून दाखवली. वॉर्ड ऑफिसने तीच यादी चांगल्या अक्षरात मागितली होती. "तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हनत होत्या वहिनी. हाय तशी उतरून द्या."

हाय तशी. हे तिचे शब्द मला स्वच्छ आठवतात.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन प्रत्येक दारात गेलो. नावाचं शुद्धलेखन तपासलं, माणसं मोजली, दोन ठिकाणी वय दुरुस्त केलं. शाळेच्या जनरल रजिस्टरला करतो तसं सगळं केलं. आणि सतराव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिलं: मयत. रेखाबाईंचा खाडा होऊ नये म्हणून यादी मीच वॉर्ड ऑफिसात नेऊन दिली. तिथला लिपिक म्हणाला, "असं अक्षर लई दिवसांनी बघितलं." मी खूश होऊन परत आलो आणि घरी कोणाला काही बोललो नाही.

मयत

शनिवारी मी मुद्दाम रांग पाहायला गेलो. सोळावं भरलं. सलीमभाईंनी पाइप उचलला आणि सतरावं ओलांडून अठराव्यात घातला.

रेखाबाई ओरडल्या, "ओ भाईजान, हे ऱ्हायलं ना!"

"मेरेकू मत बोलो बाई. नयी लिस्ट आयी है. मयत लिखा है उसमें."

"कोनी लिवलं मयत?"

सलीमभाईंनी कागद दाखवला. अक्षर माझं होतं. रेखाबाईंनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वस्तीच्या टोकाकडे बघून हाक मारली, "जिजाबाई! आज नाय भरलं वं!"

टोकाला, शेवटच्या घरापासून जरा अंतर ठेवून, काळं ताडपत्रीचं पाल होतं. मी ते मोजलं नव्हतं. त्याला दार नव्हतं, म्हणून. पालातून पन्नाशीची एक बाई आली. हातात रिकामी घागर. तिच्यामागे, कमरेला हात लावून, सखू म्हणून तिची सून. तिला नववा महिना लागलेला होता आणि दवाखान्यात आठ दिवसांच्या आतली तारीख दिली होती.

मेंढपाळ माणसं. नवरा आणि मुलगा मेंढरं घेऊन पैठणकडे, धरणाच्या पाण्यामागे गेले होते. सुनेला चालवेना, म्हणून या दोघी शहराच्या दवाखान्याजवळ थांबलेल्या. सतरा नंबरचं पाणी त्यांना जात होतं. त्यांच्याआधी एका गवंड्याच्या कुटुंबाला जात होतं.

रेखाबाईंनी सगळं तिथेच, सगळ्यांदेखत सांगितलं. "सासू जाताना म्हनली, माझं टिपाड लायनीतून काढू नका. ज्याला कोनी लायनीत उभं करत नाय, त्याला द्या. सगळ्या वस्तीला म्हाईत हाय. सलीमभाईला म्हाईत हाय. वार्डातल्याला बी म्हाईत असंल. फकस्त कागदाला म्हाईत नव्हतं."

"मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"तुमी विचारलं कुठं? मी म्हनले, हाय तशी उतरा."

कोणी मला शिव्या दिल्या नाहीत, तेच जड गेलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या, शिकलेली मानसं खरं लिवतात." त्यांनी ते चिडवायला म्हटलं की समजूत घालायला, मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी घराघरांतून जिजाबाईंच्या पालाकडे अकरा घागरी गेल्या. सोमवारी टँकर आला, सतरावं पुन्हा कोरडं राहिलं, आणि घागरी सहा गेल्या. लोक आखडले असं म्हणता येणार नाही. नऊ माणसांच्या घराने दोनशे लिटरांतून किती वेळा घागर काढावी याचाही हिशेब असतोच. मी भावाच्या घरून दोन कॅन भरून नेले. वहिनीने कॅनची झाकणं घट्ट लावून दिली. इमारतीचे सेक्रेटरी मात्र जिन्यात भेटले आणि सोसायटीचं पाणी बाहेर नेता येत नाही असा नियम त्यांनी मला नम्रपणे सांगितला. नियम त्यांच्या बाजूने होता. मीही आयुष्यभर लोकांना असेच नियम सांगत आलो आहे.

वॉर्ड ऑफिस

सोमवारीच लिपिकाकडे गेलो. तिशीचा मुलगा, टेबलावर फायलींचे चार गठ्ठे, वर पंखा बंद.

"साहेब, माझ्याकडून चूक झाली. सतरा नंबर परत घाला."

"चूक कसली? ती बाई मयत नाही का?"

"मयत आहे."

"मग मयताला पाणी कसं देऊ? आधी कुणी लिहून दिलं नव्हतं तोवर चाललं. आता लेखी आलं."

"मग तिच्या जागी जिजाबाईंचं नाव घाला." मी जिजाबाईंचं रेशनकार्ड पुढे केलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्यांचं गाव कन्नडच्या पुढं. तिथं टँकर चालू आहे. गावाच्या माणशी आकड्यात हे लोक धरलेले आहेत. एकच माणूस दोन टँकरवर कसा दाखवू?"

"पण त्या तिथे राहत नाहीत. इथे आहेत."

"तिथलं नाव कमी केल्याचा दाखला आणा. इथं घालतो. माझं काय जातंय?"

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. मीही शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय कोणाचं नाव घालत नाही.

कन्नडपलीकडे

मंगळवारी जिजाबाई आणि मी एसटीने निघालो. सखूजवळ रेखाबाई थांबल्या. त्यांनी त्या दिवशी तीन घरची कामं बुडवली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं आणि त्यांत काहीही नाही. कोकणात उन्हाळ्यातही डोळ्याला कुठेतरी हिरवं लागतं. इथे मी किलोमीटरचे दगड मोजत होतो. एका हिरव्या झाडापासून दुसऱ्यापर्यंत मधे पाच दगड गेले. साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. कन्नडला आठवडी बाजार होता, पण भाज्यांच्या रांगेपेक्षा रिकाम्या प्लास्टिकच्या घागरींची रांग मोठी. तिथून काळीपिवळी जीप. आत चौदा माणसं आणि जिजाबाईंच्या पायाशी कोणाची तरी शेळी.

"मास्तर, अंग चोरू नका, शेळी नाय खात," जिजाबाई म्हणाल्या.

"मी मास्तर नाही. शाळेत हेडक्लार्क आहे."

"मंग मास्तराचं बी मास्तर."

गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल. घाटाच्या अलीकडे, उघड्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जिजाबाईंच्या गल्लीत बावीस घरं, पंधरांना कुलपं. त्यांनी आपल्या घराचं कुलूप काढलं, आत जाऊन चूल सारवलेली आहे की नाही ते पाहिलं, उंबरठ्यावर हळदकुंकू टाकलं आणि पुन्हा कुलूप लावलं. शेजारच्या म्हातारीने आम्हाला भाकरी आणि कांदा दिला. अर्धा पेला पाणीही दिलं. मी ते सगळं प्यायलो, एक थेंब उरवला नाही. एवढं शिकलो होतो.

ग्रामसेवक भेटले, हेच नशीब. कार्ड पाहून म्हणाले, "नाव कमी करायला काय, एक मिनिट लागतं. पण आक्का, एकदा कमी झालं की धान्य बंद. घरकुलाच्या यादीतून बी जाल. परत चढवायचं म्हणजे सगळं नव्यानं."

मी म्हणालो, "तात्पुरतं कमी करता येणार नाही का?"

"तात्पुरता रकाना नाही हो त्यात."

जिजाबाईंनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, पिशवीत घातलं, पिशवी कंबरेला खोचली.

"चला मास्तर."

"अहो, पण पाणी—"

"पानी नाय म्हनून पाय काढला गावातून. नाव कशापायी काढू? पाऊस पडला की यायचंच हाय ना इथं."

जीप यायला वेळ होता, म्हणून विहिरीपाशी बसलो. टँकर आला. इथे टिपाडं नाहीत. टँकर सगळं पाणी विहिरीतच ओततो आणि मग माणसं पुन्हा ते वर ओढतात. ओतलेलं पाणी तळाशी गढूळ होऊन गेलं. चारी बाजूंनी पोहरे पडले. जिजाबाई बराच वेळ पाहत होत्या. मग विहिरीच्या उताराकडची एक जागा बोटाने दाखवून म्हणाल्या, "त्या अंगाला उभी ऱ्हायची सुगंधा."

सुगंधा म्हणजे सतरा नंबरच्या सुगंधाबाई, हे मला आधी कळलं नाही.

"ह्याच गावची ती. तिला विहिरीवर चढू देत नव्हतं कोनी. ती घागर खाली ठेवायची, आमी वरून वतायचो. मन झालं तर वतायचो, नाय तर ऊन होईस्तवर उभी." मग म्हणाल्या, "मी बी वतायची. तवा तसंच व्हतं."

"आणि तुम्ही त्या वस्तीवर गेल्यावर? रेखाबाईंना हे ठाऊक आहे?"

"रेखाच्या नवऱ्यानंच, सुगंधाच्या पोरानं, वळखलं मला. पयल्या दिवशी रेखा घागर भरून आली. म्हनली, वरून वतू का, जिजाबाई?"

"मग?"

"मंग काय. मी वंजळ पुढं केली. तिनं घागर खाली ठेवली आन् गेली."

जीप आली. परतीच्या वाटेवर जिजाबाई झोपल्या. मी वहीत काहीतरी लिहायचं म्हणून वही उघडली आणि कोणत्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून मिटली. सुगंधाबाईंनी टिपाड ठेवायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? अशी कोणी बाई एक दिवस त्याच टिपाडाशी येईल, हे त्यांना सुचलं असेल का? की त्यांनी नुसतं पाणी पाहिलं, माणसं पाहिलीच नाहीत? मला समजत नाही. आणि मी मात्र त्या नावापुढे एक शब्द लिहून मोकळा झालो होतो.

वस्तीवर पोचलो तेव्हा पाल रिकामं होतं. सखूला दुपारीच कळा सुरू झाल्या होत्या. रेखाबाईंनी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं, आणि आम्ही कागदासाठी विहिरीपाशी बसलो होतो त्याच सुमाराला मुलगी झाली. जिजाबाईंना नातीचा जन्म चुकला. माझ्यामुळे चुकला. मी तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "पोरगी कुठं पळून चालली?" आणि दवाखान्याकडे निघाल्यादेखील.

आम्हाला सांगायला दवाखान्यातून परतलेल्या रेखाबाई मात्र माझ्यापाशी थांबल्या. "परवा घरी सोडतील. बाळंतीण पालात येनार. कपडे, न्हानं, पेज. दादा, टिपाड लागंल."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

बसतं

बुधवारी ऑफिस उघडताच गेलो. लिपिकाला सांगितलं, दाखला मिळाला नाही, मिळणारही नाही. का ते सांगितलं. मुलगी झाली तेही सांगितलं. त्याने पेन दातात धरलं.

"तुम्ही कुठले?"

"रत्नागिरी जिल्हा."

"तुमच्याकडं टँकर?"

"आमच्या वाडीला कधीच नाही."

त्याने पेन दातातून काढलं. "म्हणजे तुमचं नाव कुठल्याच टँकरच्या यादीत नाही."

"नाही."

"मग तुमचं बसतं."

"काय बसतं?"

"सतरा नंबरला. रेखाबाईच्या घरात भाड्यानं राहतो म्हणून लिहून द्या. तिची सही, तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स. दोनदा नाव येत नाही, त्यामुळं वर कुणी अडवणार नाही."

"पण मी तिथे राहत नाही."

"मी विचारलं का?" तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "काका, मला बी कळतं हो. पण मला कळतं, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

मी बाकावर जाऊन बसलो. ज्या बाईला पाणी नाही, तिचं नाव बसत नव्हतं. कारण पाणी नसलेल्यांच्या यादीत ते आधीच होतं. ज्याला जन्मात पाणी कमी पडलं नाही, त्याचं बसत होतं, नेमकं त्याच कारणाने. मी हे तीन वेळा उलटसुलट लावून पाहिलं. बेरीज चुकत नव्हती. अठ्ठावीस वर्षांत मी कोणत्याही कागदावर खोटं विधान केलेलं नाही. एकदा मुख्याध्यापकांनी हजेरीत एक दिवस मागचा घालायला सांगितला, तर मी बदलीचा अर्ज दिला होता.

कागद घेतला. 'मी खाली सही करणार सदर ठिकाणी वास्तव्यास आहे,' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला आश्चर्य वाटलं.

रेखाबाईंची सही घेऊन कागद लिपिकाला दिला, आणि संध्याकाळी टिपाडावर नाव घालायला रंगाचा डबा आणला. मी फडक्याने सुगंधाबाईंचं नाव पुसायला लागलो तर रेखाबाईंनी हात धरला. "सासूचं ऱ्हाऊ द्या. तुमचं खाली लिवा."

खाली लिहिलं: व. साळवी.

"आता भाडेकरू झाला," त्या म्हणाल्या, "सकाळी दार झाडायला या."

बुधवारचा टँकर सकाळीच, माझं नाव लागण्याआधी, येऊन गेला होता. पुढचा शुक्रवारी आला. माझा परतीचा दिवस तोच होता. पिशवी खांद्याला लावून मी सतराव्या टिपाडाला हात लावून उभा राहिलो. सलीमभाईंनी नाव वाचलं, मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "साळवी कौन, आप? यहीं रहते?"

"हो."

"अच्छा है," म्हणाले आणि पाइप आत सोडला. टिपाड भरायला दीड मिनिटाच्या आसपास लागतं. पालाच्या तोंडाशी जिजाबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिचा एवढासा हात धरून माझ्या दिशेने हलवला. सखू आत होती, दिसली नाही. बस गाठायची होती, म्हणून निघालो.

घरी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला मी पर्जन्यमापक काढून ओसरीवर आणला होता. आदल्या दिवसाचा पाऊस एकशे बारा मिलीमीटर भरला. पाऊस अजून पडतच होता आणि पागोळ्या पत्र्यावर आपटत होत्या. संभाजीनगरकडे अजून थेंब नाही, हे सुधीरकडून कळलं होतं. जिजाबाई मुलीला आणि सुनेला घेऊन पैठणकडे गेल्या होत्या, आणि सतरा नंबरचं पाणी आता नाशिककडून आलेल्या एका विधुर सुताराला जात होतं.

फोन वाजला. अनोळखी नंबर. आवाज नवा होता, आधीच्या लिपिकाचा नव्हे.

"व. साळवी का? वॉर्ड ऑफिसमधून बोलतोय. टँकरच्या याद्या तपासणं चालू आहे. तुम्ही सतरा नंबरला राहता ना?"

पर्जन्यमापकाचं नळकांडं माझ्या हातात होतं. मी ते अंगणात उपडं केलं.

"राहतो," मी म्हणालो.

"आत्ता कुठं आहात? केवढा आवाज येतोय. पाणी पडल्यासारखा."

आमची ही अंगणातून माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो, "टँकर आलाय."